निकाळजे मॅडमचे उंदीर

निकाळजे मॅडम माणसांशी शुद्ध बोलायच्या आणि उंदरांशी आपल्या गावचं, सणसरचं. हे माझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं, कारण त्या दिवशी मला उंदीर चावला.

बारामतीच्या बाहेर आमच्या भागातल्या कॉलेजांसाठी मिळून एक संशोधन केंद्र आहे. मोठी यंत्रं एका छताखाली ठेवायची आणि सगळ्यांनी पाळीपाळीने वापरायची, अशी तिथली व्यवस्था. मागच्या इमारतीत प्रयोगाच्या उंदरांचा विभाग. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे, पण स्टँडवरच्या रिक्षावाल्याला 'उंदरांचा दवाखाना' म्हटलं की तो बरोबर आणून सोडतो. डॉ. वत्सला निकाळजे या दवाखान्याच्या प्रमुख. मी इंदापूरच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवतो. जांभळाच्या बियांच्या अर्काने लठ्ठ उंदरांची साखर उतरते, हे जगाला दाखवून द्यायचं म्हणून मी मोठ्या रुबाबात तिथे दाखल झालो होतो.

पिंजऱ्यात हात घातला आणि करंगळीला कडकडून चावा बसला. मी ओरडलो. मॅडम लगबगीने आल्या, माझ्या मुठीतला तो काळा उंदीर अलगद सोडवून घेतला, तळहातावर ठेवला आणि म्हणाल्या, "लागलं का रं तुला? घाबारलास व्हय? न्हाय न्हाय, काय न्हाय झालं." मग माझ्याकडे वळून, आकाशवाणीवर बातम्या वाचाव्यात अशा आवाजात, "जगताप सर, प्रथमोपचाराची पेटी उजवीकडच्या कपाटात आहे."

त्यानंतर त्यांनी मला आठवडाभर उंदराला हात लावू दिला नाही. एका स्टुलावर बसवलं आणि म्हणाल्या, "बघा." काय बघू, विचारलं तर म्हणाल्या, "ओळख झाल्याशिवाय आपण कुणाच्या अंगाला हात लावतो का?" मी पीएच.डी. झालेला माणूस, दोन मुलांचा बाप, शाळेतल्या ढ पोरासारखा कोपऱ्यात बसून उंदरांकडे बघत होतो. तिसऱ्या दिवशी मला एकेक उंदीर वेगळा दिसायला लागला. कोण आळशी, कोण भांडखोर, कोण दुसऱ्याच्या पाठीवर झोपतो. हे मी घरी बायकोला सांगायला लागलो, तेव्हा तिने काळजीने कपाळाला हात लावून पाहिला.

आत सगळे सारखेच दिसायचे. टोपी, मास्क, एप्रन, हातमोजे, पायात पिशव्या. पण मॅडम ओळखू यायच्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, आणि चालणं असं की फरशीने बाजूला व्हावं. चष्म्यावर वाफ धरली की तो न पुसता त्याच्या वरून बघायच्या, आणि तसं बघितलं की समोरचा माणूस आपोआप खरं बोलायला लागायचा. मी माझ्या प्रयोगाचा आराखडा दिला, तेव्हा एका गटात दहा उंदीर धरले होते.

"दहा का?"

"मॅडम, सगळे दहाच घेतात."

"सगळे म्हणजे कोण? नावं सांगा, मी फोन लावते."

त्यांचा आणखी एक ठरलेला प्रश्न होता. कुणी उड्या मारत निकाल घेऊन आलं की शांतपणे विचारायच्या, "ही तुमची खात्री आहे की इच्छा?" हा प्रश्न ऐकून भल्याभल्यांच्या फायली मिटलेल्या मी पाहिल्यात. माझीही दोनदा मिटली.

एकदा भर एप्रिलात आतला एसी बंद पडला. बाहेर बारामतीचं ऊन, आत शेकडो उंदीर. मेकॅनिकला फोन केला तर तो म्हणाला, "उद्या सकाळी येतो मॅडम." मॅडम म्हणाल्या, "या की. पण तोपर्यंत तुमच्या घरचे दोन पंखे पाठवा, आणि तुम्हीही या. रात्रभर आपण दोघं त्यांना वारा घालू." तो अर्ध्या तासात आला. आला तो आला, एसी चालू झाल्यावर पुन्हा तापमान उतरेपर्यंत थांबला. जाताना त्याने काचेतून एका पिल्लाकडे बघून हात हलवला, हे मी स्वतः पाहिलं.

सणसरला त्यांचे थोरले भाऊ शेती करतात, त्यांना सगळे बापू म्हणतात. ते एकदा बारामतीला कामाला आले होते, तेव्हा बहिणीचं ऑफिस बघायला डोकावले. काचेआडचे पिंजरे, त्यातली थंड हवा, मोजून मापून दिलेलं खाणं बघून त्यांनी काचेला नाक लावलं. मग म्हणाले, "वत्सू, आमी तितं उंदरापायी निम्मा ऊस घालिवतोय, आन तू हितं त्यास्नी एसीत ठिवलंयस. आमाला तरी ठिव की चार दिस." मॅडम इतक्या मोठ्याने हसल्या की आतले उंदीर दचकून कोपऱ्यात गेले. लगेच काचेला तोंड लावून त्यांनी उंदरांची माफीही मागितली.

चहा त्या बिनसाखरेचा घ्यायच्या. एकदा मी सहज विचारलं, "मॅडम, तुम्हाला आहे का साखर?" म्हणाल्या, "मला नाही. आबांना होती." आणि मग, एरवी स्वतःबद्दल चकार शब्द न काढणाऱ्या त्या बाई, कँटीनच्या बाकावर बसून मला त्यांच्या वडलांविषयी सांगत राहिल्या.

आबा हंगामात साखर कारखान्यावर पोती उचलायला जायचे. अंगात मांस म्हणून नव्हतं, कोयत्याच्या मुठीसारखं शरीर. वयाच्या चाळिशीत त्यांना साखर निघाली. गावात हसू झालं. लठ्ठ बागायतदाराला साखर होते, बसून खाणाऱ्या शेठजीला होते, ह्या काडीला कुठून झाली? पारावर बसलेला एक जण म्हणाला, "कारखान्यात चाटली आसंल, व्हय रं?" तेव्हापासून तो शब्द आबांना चिकटला. पायाला जखम झाली, ती भरली नाही, पाय गेला. कुबड्या घेऊन निघाले तरी पोरं मागून ओरडायची, "चाटली, चाटली!"

"आबांनी पोत्यातला एक कणसुद्धा तोंडात टाकला नव्हता," मॅडम म्हणाल्या. "घरी आले की हात धुऊन मगच आम्हाला जवळ घ्यायचे. आम्ही नवबौद्ध, गावाबाहेरच्या वस्तीत राहणारे. चोरीचा आळ आमच्यावर यायला काही लागत नाही, हे त्यांना माहीत होतं. शेवटी शेवटी मला विचारायचे, 'वत्से, तू शिकलीस. मला सांग, मी न्हाय चाटली तर मला झाली कशी?' मला सांगता आलं नाही."

पुढे त्यांनी जे केलं ते सगळं या एका प्रश्नासाठी केलं. आबा पोटात होते तेव्हा दुष्काळ होता आणि त्यांच्या आईच्या पोटात अन्न नव्हतं. दुष्काळ त्या वस्तीत सगळ्यांच्या आधी यायचा आणि सगळ्यांच्या शेवटी जायचा. आईच्या उपासाची खूण पोराच्या अंगावर राहते का? सडपातळ राहूनही त्याचं शरीर साखर सांभाळायला कमी पडतं का? हे माणसांवर ताडून बघायला एक जन्म पुरत नाही. उंदरांच्या पिढ्या मात्र डोळ्यांसमोर जन्मतात आणि वाढतात. म्हणून मॅडमनी गाभण माद्यांना अर्धपोटी ठेवलं, पिल्लांना पुढे पोटभर साधं खाणं दिलं, ती मोठी झाली की त्यांची उपाशीपोटीची साखर मोजली. तुलनेला पोटभर खाल्लेल्या आयांची पिल्लं. मोजायची रीत सोपी: सकाळी उंदीर स्वच्छ पिंजऱ्यात हलवायचा, म्हणजे खाण्याचा दाणाही मागे राहत नाही, दुपारपर्यंत उपाशी ठेवायचा, मग शेपटीच्या टोकाचा रक्ताचा थेंब आपल्या घरी असतं तसल्याच यंत्रावर.

आणि उत्तर आलं. उपाशी आयांची पिल्लं, दिसायला काडी, पण साखर चांगलीच चढलेली. मॅडम निवृत्तीला आल्या होत्या आणि हातात आयुष्याचं काम होतं. लेख लिहून तयार झाला. त्या काळात त्या आम्हाला रोज भाजके शेंगदाणे खिलवायच्या. बापूंना त्यांनी फोनवर सांगितलेलं मी ऐकलं, "सापडलं आपल्याला. आबांचं सापडलं."

आता भुशाचं सांगायला हवं, कारण घोटाळा त्यात होता. उंदरांच्या पिंजऱ्यात खाली अंथरायला मऊ, कोरडं काहीतरी लागतं. पूर्वी ते लांबून मागवलं जायचं आणि पावसाळ्यात बुरशी लागून यायचं. एक दिवस मॅडम म्हणाल्या, आपण उसाच्या खाणीत बसून बाहेरून गवत कशाला आणतो? त्यांनी कारखान्यातून रस काढून उरलेला उसाचा भुसा आणवला, चाळून, वाळवून, वाफेच्या मोठ्या कुकरमध्ये निर्जंतुक करून वापरायला सुरुवात केली. भुसा मऊ होता, ओल शोषायचा, उंदीरही त्यात खूश होते. मॅडमना त्याचा फार अभिमान. बाहेरचं कुणी आलं की पिंजऱ्याआधी भुसा दाखवायच्या.

प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवानगी देणारी एक समिती असते, तिच्या बाहेरच्या सदस्य तपासणीसाठी आल्या, डॉ. परुळेकर, वेंगुर्ल्याच्या. सगळं बघून झालं, सगळं चोख होतं. निघताना दारात थांबून त्यांनी नाक वर केलं. "इथे मघापासून गोड काय शिजतंय हो? कँटीन जवळ आहे का?"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आम्हाला कसलाच वास येत नव्हता.

"अहो, काकवीसारखा वास आहे चांगला!"

कुणीतरी हसून सांगितलं, तो होय, तो भुशाचा कुकर. आम्ही सगळे हसलो. आमची नाकं त्या वासातच जन्मलेली. थंडीत बारामतीहून सोमेश्वरनगरकडे निघालं की हवाच गोड असते, ऊस आणि गूळ आणि मळी यांचा वास आम्हाला हवेइतकाच जाणवतो, म्हणजे मुळीच नाही. गेली कित्येक वर्षं रोज सकाळी त्या इमारतीत गुऱ्हाळ लागल्यासारखा वास सुटत होता आणि आमच्यातल्या एकाही शहाण्याला तो आला नव्हता.

मॅडम हसल्या नाहीत. त्या परुळेकरांना म्हणाल्या, "गोड? नक्की गोड?" आणि त्यांना गाडीपर्यंत सोडायलाही न जाता आत वळल्या.

त्या दिवशी माझेही उंदीर उपाशी ठेवलेले होते, म्हणून मी तिथेच होतो. मॅडमनी त्यांच्या गटातला, सकाळपासून उपाशी असलेला एक उंदीर घेतला. नियमाप्रमाणे त्याला वेदना न होता शांत केलं आणि पोट उघडलं. इतक्या तासांच्या उपासानंतर उंदराचं जठर रिकाम्या पिशवीसारखं चपटं दिसतं. हे टम्म होतं. आत भुसा. स्वच्छ पिंजऱ्यात हलवलेला उंदीर, खाली ताजा अंथरलेला भुसा, आणि भुशात उरलेली साखर. खाणं काढून घेतल्यावर बिचारा दुसरं काय करणार?

"चाटली की रं तुमी," मॅडम हळूच म्हणाल्या.

मग खुर्चीत बसल्या. मी त्यांना बसलेलं फारसं पाहिलं नव्हतं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अर्धपोटी आईची पिल्लं जास्त हावरी असतात, जगताप सर. ती भुसाही जास्त खाणार. म्हणजे मला दिसलेला फरक आईच्या उपासाचा असेल, किंवा नुसता भुशाचा असेल. गाव आबांना जे म्हणत होतं, ते माझ्या उंदरांनी खरोखर केलं." आणि हातमोजे काढता काढता, "ती माझी खात्री नव्हती. इच्छा होती."

मला त्या क्षणी त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या जांभळाच्या बियांसाठीही. पुढे भुशाविना प्रयोग केला तेव्हा माझ्या अर्काचा गुण पार धुऊन गेला, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

केंद्राच्या साहेबांनी मॅडमना बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता, घाबरट होता. "मॅडम, भुसा बदला आणि पुढं चला. मागचं कोण उकरत बसतंय?"

"मी बसतेय," मॅडम म्हणाल्या.

त्यांनी त्या उंदरांवर काम केलेल्या सगळ्यांना बोलावलं. टेबलावर एका परातीत निर्जंतुक भुसा ठेवला होता. म्हणाल्या, "प्रत्येकाने चिमूटभर घ्या आणि चावा." आम्ही चावला. उसाच्या पट्ट्यातली माणसं, लहानपणापासून हेच केलेलं, कुणाला काही वावगं वाटलं नाही. दोन मिनिटं खोलीत नुसता चावण्याचा आवाज.

"कसं लागतंय?"

"गोड," सगळे म्हणाले. आणि मग एकेकाचं तोंड चावता चावता थांबलं.

"हा भुसा मी निवडला," मॅडम उभ्या राहून, ताठ मानेने म्हणाल्या. "अंगणातला माल म्हणून तपासला नाही. चूक माझी आहे, पूर्ण माझी. ज्यांचे निकाल छापून आलेत, त्यांच्या मासिकांना मी माझ्या सहीने कळवणार आहे. माझा स्वतःचा लेख मी पाठवत नाही."

गलका झाला. सांगवीकडचे एक प्राध्यापक, देवकाते, शुद्ध बोलायचं विसरून उठले. "मॅडम, माज्या हाताखालच्या पोरीची पीएच.डी. हाय ह्याच्यात! तिनं काय करायचं? तिची सगळी वर्सं गेली की वो!"

"तिचा प्रयोग पहिल्यांदा होईल," मॅडम म्हणाल्या. "माझ्या पिंजऱ्यांची जागा मी तिला देते. माझा नंबर सगळ्यात शेवटी."

देवकाते खाली बसले. निवृत्ती समोर आलेली, पुन्हा माद्या गाभण ठेवायच्या, पिल्लं जन्मायची, वाढायची, आणि त्यात बाई आपला नंबर शेवटी लावून मोकळी झालेली. हे धाडस होतं की वेडेपणा, मला अजून ठरवता आलेलं नाही. मला इतकंच माहीत आहे की त्या बैठकीनंतर लोक केंद्र सोडून जातील असं साहेबांना वाटत होतं आणि एकही गेला नाही.

अंथरायला कागदाच्या तुकड्यांच्या गोण्या आल्या. पहिली गोणी फुटली तेव्हा मॅडमनी मास्क खाली करून एक तुकडा चावून बघितला. "बेचव," मोठ्या समाधानाने म्हणाल्या. पुढे प्रत्येक गोणीतला तुकडा त्या चावायच्या. गोण्या उतरवणारा हमाल मला एकदा म्हणाला, "बाईस्नी घरी जेवायला न्हाय का वो?"

देवकात्यांच्या विद्यार्थिनीचं काम झालं, इतरांचं झालं, मग मॅडमचं सुरू झालं. या वेळी कुठल्या पिंजऱ्यात कुणाची पिल्लं आहेत हे त्यांनी स्वतःपासून लपवलं. पिंजऱ्यांना निळ्या आणि पिवळ्या चिठ्ठ्या लावायचं आणि कुठला रंग कुणाचा हे ठरवायचं काम एकट्या मला दिलं. "माझ्यावर माझा विश्वास नाही, तुमच्यावर आहे," म्हणाल्या. इतकं मोठं प्रशस्तिपत्र मला कुठल्याही विद्यापीठाने दिलेलं नाही.

त्यांच्या निरोपसमारंभाला मला जाता आलं नाही, आमच्याकडे परीक्षा होत्या. शाल-श्रीफळ घेतलेल्या निकाळजे मॅडम मी पाहिल्या नाहीत, ते बरंच झालं. मला त्या आठवतात त्याच्या आधीच्या आठवड्यातल्या, त्या शेवटच्या चाचणीच्या दुपारच्या.

मी उंदीर काढून द्यायचो, त्या थेंब घ्यायच्या आणि आकडा मोठ्याने वाचायच्या. प्रत्येक उंदराशी बोलणं चालूच. "ये रं माज्या राजा. एवढंच, एवढंच. झालं बग." मला रंग माहीत होते, म्हणून निम्म्यातच मला अंदाज यायला लागला. मास्क होता म्हणून बरं, नाहीतर माझं तोंड वाचून त्यांनी प्रयोग बाद ठरवला असता. शेवटचा आकडा झाला. त्यांनी निळ्यांची सरासरी काढली, पिवळ्यांची काढली, पुन्हा एकदा पडताळली. फरक होता. भुशाच्या वेळी दिसला होता त्याच्या निम्म्याहूनही कमी, पण सरळ, स्वच्छ, नाकारता न येणारा.

"निळी कुणाची?" त्यांनी विचारलं. आवाज बातम्यांचाच होता, पण जरा हललेला.

"उपाशी आयांची, मॅडम."

निळ्या चिठ्ठीच्या पिंजऱ्यातून एक बारका उंदीर त्यांनी काढला, तळहातावर घेतला आणि अंगठ्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. चष्म्यावर वाफ धरली होती, या वेळी त्या वरूनही बघत नव्हत्या.

"न्हवती चाटली," त्या म्हणाल्या. "बगितलं का आबा? न्हवती चाटली तुमी."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तसाच उभा होतो, हातातलं खाण्याचं भांडं तसंच. चाचणी संपली की उंदरांचं खाणं लगेच परत द्यायचं असतं, तेही मी विसरलो होतो. मॅडमनी उंदीर पिंजऱ्यात सोडला आणि माझ्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याशी सणसरचं बोलल्या.

"बगत काय ऱ्हायलाय, मास्तर? सकाळधरनं उपाशी हायती ती. आदी खायला घाला."